आजीचा फोटो आणि ८५ ची लेन्स



आज आम्ही कॅमेऱ्याच्या एका काचेबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर फोटो दिसत नाही, मग फोटोवर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण भाकरी कशी थापायची हे जसं सांगता येतं, तसं माणसाचा फोटो कसा काढायचा हेही सांगता येतं. आणि आम्ही त्यात एकदा पैसे घालवून बसलो आहोत, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात एका दहाव्यापासून झाली. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एक आजी गेल्या. आपल्या नगर जिल्ह्यात दहाव्याला चौकात फ्लेक्स लागतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलाने फोटो शोधायला घेतला, तर घरात आजींचा एकटीचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये त्या मागच्या रांगेत. आधार कार्डावर डोळे अर्धे मिटलेले. शेवटी बँकेत गटाचं खातं उघडताना आम्हीच मोबाईलवर काढलेला फोटो सापडला. त्यातून आजींचा चेहरा कापून मोठा केला. शेजारणीचा खांदा तसाच राहिला. फ्लेक्स बनवणाऱ्याने फोटो 'साफ' करून दिला, म्हणजे आजींना गोरं केलं आणि कपाळावरचं गोंदण पुसून टाकलं. फ्लेक्सकडे बघून त्यांची नात म्हणाली, "ही आमची आजी नाही."

पुढच्या आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर तोच विषय निघाला. आमच्या बारा जणींपैकी सात जणींकडे स्वतःचा एकटीचा धड फोटो नव्हता. तेव्हा ठरलं, की साठीच्या पुढच्या प्रत्येकीचा एक चांगला फोटो ती हयात असतानाच काढायचा. गटातल्या एका ताईंच्या भावाचा जुना कॅमेरा मिळाला. गटातल्या दोघी सुना शिकायला तयार झाल्या. इतिवृत्तात ठराव लिहिला आणि कामाला लागलो.

आधी हे समजून घेऊ, की मोबाईलवर आपला चेहरा विचित्र का येतो. नाक मोठं, कपाळ पुढे, कान कुठे तरी मागे. दोष आपल्या नाकाचा नसतो. दोष असतो अंतराचा. गोठ्यात जाऊन बैलाच्या तोंडाजवळ उभ्या राहा. मुस्कट केवढं मोठं दिसतं, आणि शिंगं लहान. आता दहा पावलं मागे या. तोच बैल डौलदार दिसतो.

याचं गणित सोपं आहे. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण पाच इंच अंतर असतं. कॅमेरा नाकापासून एक फुटावर धरला, तर नाक बारा इंचांवर आणि कान सतरा इंचांवर. म्हणजे कानाच्या मानाने नाक चाळीस टक्क्यांनी मोठं उमटतं. तोच कॅमेरा सात फुटांवर नेला, तर नाक चौऱ्याऐंशी इंचांवर आणि कान एकोणनव्वद इंचांवर. फरक सहा टक्क्यांचा. डोळ्याला तो कळतही नाही. आपण ओट्यावर बसून समोरच्या बाईशी बोलतो तेव्हा पाच-सात फूटच अंतर असतं. त्या अंतरावरून दिसणारा चेहरा आपल्याला 'तिचा' वाटतो.

म्हणजे मागे सरकायचं. पण मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद असते. मागे सरकलं की आजी लहान आणि घर, दावणीची म्हैस, वाळत घातलेल्या गोधड्या, सगळं फोटोत. इथे लांबच्या लेन्सचं काम येतं. ती दुरून चेहरा जवळ आणते. फार लांबचीही नको, नाही तर आजी रस्त्याच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, बोलणंच होणार नाही. म्हणून चेहऱ्यासाठी मधली, थोडीच लांबची लेन्स वापरतात. ८५ मिलिमीटर, १०० किंवा १०५ मिलिमीटर, फार तर १३५. फोटोग्राफर मंडळी तिला पोर्ट्रेट लेन्स म्हणतात.

आमची चूक इथेच झाली. आम्ही ८५ हा आकडा पाठ केला आणि शहरात जाऊन जुन्या मालाच्या दुकानातून ८५ ची लेन्स घेऊन आलो. गटातून अंतर्गत कर्ज काढून. घरी आल्यावर दोन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट. ८५ हा आकडा मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याचा. आमचा कॅमेरा लहान सेन्सरचा होता, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. बहुतेक स्वस्त आणि जुने कॅमेरे असेच असतात. त्यावर लेन्सचा आकडा दीडपटीने गुणायचा. कॅननमध्ये एक पूर्णांक सहा दशांशने. म्हणजे आमची ८५ ची लेन्स सव्वाशेच्या पुढे गेली. डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो काढायला साडेआठ फूट मागे जावं लागायचं. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो हवा असेल तर वीस फुटांच्याही पुढे. आमच्या खोल्या दहा बाय दहाच्या. फोटो काढणारी सून भिंतीला पाठ टेकवून उभी, तरी आजींचे हात फोटोत बसेनात.

दुसरी गोष्ट. त्या लेन्सला स्वतःची मोटर नव्हती. काही कॅमेऱ्यांच्या आत मोटर असते आणि ती जुन्या लेन्सचा फोकस फिरवते. आमच्या कॅमेऱ्यात ती नव्हती. मग हाताने रिंग फिरवून फोकस करायचा. त्या दिवशी एका आजींनी पेटीतलं नवं लुगडं काढून नेसलं होतं, नथ घातली होती. चाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसले. मोठे करून बघितले तर एकातही डोळे स्पष्ट नाहीत. पदराची किनार स्पष्ट, डोळे धूसर. आजींना हे सांगायला जाताना आमचे पाय जड झाले होते. दुकानदाराने सांगितलं नाही हे खरं, पण आम्ही विचारलं नाही हेही तितकंच खरं. लेन्स परत देताना पैसे कापले गेले. ते नुकसान आम्ही बारा जणींनी वाटून घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यायचाच. निकॉनच्या डी ३०००, डी ५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांसाठी लेन्सवर एएफ-एस अक्षरं आहेत का बघायचं. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर त्या कॅमेऱ्यांवर फोकस आपोआप होत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते. दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर दुकानातच बसवून फोकस होतो का ते बघायचं.

आणि त्याहून आधी घर मोजायचं. जिथे फोटो काढणार तिथे बाईला बसवा आणि तुम्हाला किती मागे जाता येतं ते पावलांनी मोजा. पाच-सहा फूटच जागा असेल तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ५० ची लेन्स योग्य. ती ७५-८० सारखं काम करते, आणि पाच फुटांवरून डोकं-खांदे-छाती व्यवस्थित बसते. मोकळं अंगण असेल, शेतात फोटो काढायचे असतील, तर ८५ घ्या. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर थेट ८५ किंवा १००. आम्ही शेवटी ५० मिलिमीटर, एफ १.८ घेतली. ती ८५ पेक्षा बरीच स्वस्त असते आणि वजनालाही हलकी.

अजून एक. कॅमेऱ्यासोबत बहुतेकदा १८-५५ ची लेन्स येते. ती पूर्ण फिरवून ५५ वर ठेवली, की चेहऱ्याची लेन्स तुमच्याकडे आधीच आहे! आम्हाला हे कर्ज काढल्यावर कळलं. महिनाभर तीच ५५ वर ठेवून अंगणातल्या सावलीत फोटो काढा. पैसे वाचतील आणि हात बसेल. अडचण फक्त घरातल्या कमी उजेडात येते. ५५ वर तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही. एफ १.८ च्या लेन्समधून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. पत्र्याच्या, एका खिडकीच्या घरात हा फरक मोठा आहे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं, हे लक्षात ठेवा.

जुनी लेन्स तपासायची कशी? मोबाईलची बॅटरी लावून एका बाजूने उजेड पाडा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊ नका. आतल्या पात्यांवर तेलाचे डाग नकोत. फोकसची रिंग अडखळत फिरायला नको. मागची धातूची कडी वाकलेली नको. आणि पावती घ्या. गटाच्या हिशोबाला ती लागतेच.

आता फोटो काढण्याकडे येऊ. आम्ही घराचं दार वापरतो. आजींना उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर, दाराकडे तोंड करून बसवायचं. बाहेरचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागची खोली आपोआप काळोखी होते. ऊन थेट आत येत असेल ती वेळ टाळायची. आपल्याकडे दहा ते चारचं ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं. एका बाजूची सावली गडद वाटली तर त्या बाजूला पांढरं धोतर किंवा चादर धरून एकीला उभं करा, उजेड परततो. निळ्या ताडपत्रीखाली मात्र बसवू नका. चेहरा निळा येतो. पांढऱ्या भिंतीसमोर बसवलं तर कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी कॅमेऱ्यातला अधिक-उणेचा आकडा थोडा अधिककडे न्यायचा. चष्मा असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगायची, म्हणजे काचेवरची चमक जाते.

कॅमेरा आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. त्या खाली बसल्या असतील तर आपणही मांडी घालून खाली बसायचं. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत माणूस दबल्यासारखं दिसतं. तसे सरकारी योजनांचे फोटो आपण पुष्कळ बघितले आहेत.

फोकस नेहमी डोळ्यावर. कॅमेऱ्यात फोकसचा एकच ठिपका निवडायचा आणि तो आपल्या जवळच्या डोळ्यावर ठेवायचा. एफ १.८ वर मागची भिंत छान धूसर होते म्हणून आम्ही सुरुवातीला सगळे फोटो तिथेच काढले. पण त्यावर जेमतेम अडीच इंच भाग स्पष्ट येतो. आजी बोलता बोलता थोड्या पुढे झुकल्या की डोळे गेले. एफ ४ ठेवलं तर साडेपाच इंचांच्या आसपास भाग स्पष्ट येतो, म्हणजे नाकापासून कानापर्यंतचा चेहरा. आम्ही आता एफ ४ वरच काढतो. उजेड फारच कमी असेल तर २.८.

शटर एक-दोनशेच्या खाली आणायचं नाही. वय झालेल्या माणसाची मान जराशी हलत असते. उजेड कमी पडला तर आयएसओ आठशे, सोळाशे करा. फोटोत बारीक रवाळपणा आला तर चालतो, हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. कॅमेरा धरताना डावा हात लेन्सच्या खाली, दोन्ही कोपर अंगाला चिकटलेली. डोक्यावरची घागर सांभाळताना अंग जसं स्थिर ठेवतो, तसं.

लेन्स पुसायला पदर वापरू नका, हे हात जोडून सांगतो. पदराला धूळ, पीठ, राख, काय काय असतं. त्या कणांनी काचेवर ओरखडे येतात. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी चष्म्याचं मऊ कापड. शेतात लेन्स बदलायची वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून बदला. अकोल्याकडच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे भंडारदरा-घाटघरला पावसाळाभर ओल असते, तुम्हाला बुरशीची भीती जास्त. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात लेन्स ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची पिठूळ धूळ आत जाते.

लेन्स, उजेड, फोकस सगळं जमलं, तरी एक गोष्ट राहते. समोरच्या बाईला फोटो हवा आहे का?

आमच्या एक आजी म्हणाल्या, "फोटू काढता म्हणजे मला लवकर धाडायचा विचार हाय व्हय?" सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण दुसऱ्या एक आजी हसल्या नाहीत. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. म्हणाल्या, "कपाळ मोकळं, त्याचा काय फोटू काढायचा?" आम्ही आग्रह केला नाही. परत आलो.

तुम्ही कदाचित हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो पाहिला असेल. लाल फाटकी ओढणी, थेट आपल्याकडे बघणारे डोळे. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅक्करी या फोटोग्राफरने तो काढला, १०५ मिलिमीटरच्या लेन्सने. आपण ज्या लेन्सबद्दल बोलतोय, त्याच जातीची. १९८५ च्या जूनमध्ये तो एका मोठ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. त्या मुलीचं नाव मात्र कुणाला माहीत नव्हतं. २००२ साली तिचा शोध लागला तेव्हा कळलं, ती शरबत गुला. तोवर तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाही नव्हता. लेन्स उत्तम, उजेड उत्तम, पण सतरा-अठरा वर्षं जिचा चेहरा, तिच्याच हातात फोटो नाही.

म्हणून आमच्या गटाने तीन नियम केले. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. काढलेला फोटो आधी तिला दाखवायचा, तिने नको म्हटलं तर तिच्यासमोर पुसायचा. आणि छापील प्रत पहिली तिला द्यायची. व्हॉट्सॲपवर टाकायचा की नाही हे तिने ठरवायचं. मोबाईल हरवला की त्यातले फोटो जातात, कागदावरचा राहतो, म्हणून छापायचाच. आणि छापताना गोरं करायचं नाही, सुरकुत्या काढायच्या नाहीत, गोंदण पुसायचं नाही, हे छापणाऱ्याला लिहून द्यायचं. मोबाईलमधली ब्यूटीची सोयसुद्धा बंद ठेवायची.

आपल्या मराठी माणसांत चेहऱ्यांच्या फोटोंसाठी गौतम राजाध्यक्षांचं नाव घेतात. २०११ साली ते गेले. 'चेहरे' नावाचं त्यांचं पुस्तक आहे. त्यात मोठमोठे कलावंत आहेत. कलावंतांच्या चेहऱ्यांकडे असं निगुतीने बघणारं कुणी तरी असतं. आपल्या ओट्यावरच्या आजीकडे कोण बघणार? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आज त्यांचा नऊवारीतला फोटो बघितला की बियाणं राखणारी बाई डोळ्यांपुढे येते. पण गावोगाव अशा बायका आहेत, ज्यांनी घर राखलं, रान राखलं, आणि ज्यांचा फोटो आधार कार्डाशिवाय कुठे नाही.

त्या विधवा आजींचं पुढे काय झालं ते सांगतो. इतर जणींचे फोटो छापून आले, बैठकीत हातोहात फिरले. आजींनी एकेक नीट बघितला. काही बोलल्या नाहीत. दोन आठवड्यांनी स्वतःहून दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझा काढा. पण कपाळाला काही लावून काढू नका. हाय तसा काढा." पन्नासची लेन्स, एफ ४, पाच फूट अंतर. सून खाली मांडी घालून बसली. आजी तिला शेळीच्या दुखण्याबद्दल सांगत होत्या, त्यातच तो फोटो आला. हातावरचं गोंदण स्पष्ट, डोळे स्पष्ट. छापील प्रत त्यांनी पदराखाली धरून घरी नेली आणि पेटीत ठेवली. आठ दिवसांनी निरोप आला, अजून एक प्रत पाहिजे, लेकीकडे पाठवायची आहे.

आता त्या दोघी सुनांना बारशाची, डोहाळजेवणाची बोलावणी येतात. गटाच्या पापडांचे आणि मसाल्यांचे फोटोही त्याच काढतात. अंतर्गत कर्जाचे हप्ते वेळेवर येताहेत.

जाता जाता एक काम सांगतो. कॅमेरा नसेल तरी चालेल. आज संध्याकाळी ऊन उतरलं की घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा. हो म्हणाली तर तिला दारात बसवा, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, पाच-सात फूट मागे या आणि दोनपट झूम करा. तिला तिच्या माहेराबद्दल विचारा. ती बोलायला लागली की फोटो काढा. मग तिला दाखवा.

ती जर म्हणाली, "ही मीच हाय," तर तो फोटो जमला. तो उद्याच छापून आणा.